छोट्या गाडीमागच्या कयाक ट्रेलरला मान्य आराखडा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तारकर्ली-देवबागची कर्ली खाडी, पवना आणि मुळशीचे जलाशय, भंडारदरा, गोव्यातली साळ नदी अशा ठिकाणी स्वतःची कयाक (वल्ह्याने हाकायची हलकी, अरुंद नाव) घेऊन येणारी माणसे आता दिसतात. त्यांतल्या बहुतेकांकडे साडेतीन-पावणेचार मीटरची हॅचबॅक असते आणि नाव तीन ते सव्वापाच मीटरची. काही जण ती टपावर बांधतात. काही जण ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून अंदाजाने एक ट्रेलर करून घेतात आणि गाडीमागे जोडतात. अशा ट्रेलरला बहुधा दिवे नसतात, गाडीला जोडणारा दांडा आखूड असतो आणि स्प्रिंग नुसती नावाला असते. हलका ट्रेलर नीट बांधणे अवघड नाही. मात्र नीट आणि कायदेशीर बांधू पाहणाऱ्याला आपल्याकडे सोपा रस्ता नाही. आमची मागणी एवढीच, की अशा ट्रेलरसाठी एक मान्य, छापील आराखडा उपलब्ध व्हावा. त्या आराखड्यात काय असावे हे पुढे सविस्तर लिहीत आहोत, कारण चुका नेमक्या तपशिलातच होतात.

आधी ट्रेलर कधी करू नये ते सांगितले पाहिजे. तीन मीटरची, बावीस-पंचवीस किलोची एकच कयाक असेल तर ती टपावरच बरी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती वजन चालते ते लिहिलेले असते, त्यात कॅरिअरचेही वजन धरायचे. दोन कयाक झाल्या की हा आकडा बहुधा ओलांडला जातो. सव्वापाच मीटरच्या सागरी कयाकचा प्रश्न वेगळा आहे. छोट्या हॅचबॅकच्या टपावर दोन आडव्या दांड्यांमध्ये ७०-८० सेंमी अंतर मिळते. एवढ्या जवळच्या दोन टेकूंवर पाच मीटरची नाव आडव्या वाऱ्यात डोलते, आणि तिचा सगळा ताण कॅरिअरच्या पकडींवर येतो. इथे ट्रेलरला खरा अर्थ आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्यामुळे कलम ३९ ची नोंदणीची अट त्यालाही लागू आहे, आणि कलम ६१ ते स्पष्टच सांगते. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही दिसला पाहिजे, हीसुद्धा त्याच कलमातली अट. नोंदणीसाठी नमुना २० चा अर्ज, विक्रीचा नमुना २१ आणि उत्पादकाने दिलेला रस्तायोग्यतेचा नमुना २२ लागतो. गोष्ट अडते ती या शेवटच्या कागदावर. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ नुसार उत्पादकाला वाहनाचा नमुना चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. कारखान्याला हे परवडते. दोन कयाकसाठी एकच ट्रेलर करू पाहणाऱ्याला किंवा मालवण-अलिबागच्या फॅब्रिकेटरला परवडत नाही. म्हणून तो नोंदणीच्या वाटेला जात नाही, आणि नोंदणी नसल्यामुळे दिवे, नंबर, विमा या गोष्टीही आपोआप गळतात. अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न ट्रेलर पॉलिसीवर दाखवला होता का, हाच असेल.

गाडीचाही विचार आधी व्हावा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही, असे सरळ लिहिलेले असते. तसे असेल तर त्या गाडीला टो बार, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा लोखंडी आधार, लावू नये. ज्या गाडीत मनाई नाही तिथेही टो बार बसवणे हा कलम ५२ खाली वाहनातला बदल ठरू शकतो, त्यामुळे आरटीओत आधी विचारून घ्यावे. बसवताना तो गाडीच्या तळाच्या मागच्या दोन्ही लांब्या बॉक्स-सेक्शनना (चौकोनी पोकळ पट्ट्यांना) प्रत्येकी किमान दोन एम १२, ८.८ ग्रेडच्या बोल्टनी आणि आतून ५ मिमी जाड पट्टी देऊन घट्ट करायचा. बंपरच्या पत्र्याला किंवा स्टेपनीच्या खोबणीच्या तळाला लावलेला टो बार काही महिने टिकतो, मग भोकांभोवती पत्रा ताऱ्यासारखा चिरत जातो. बंद पडलेली गाडी ओढायला जो स्क्रूचा हूक दिलेला असतो त्याचा ट्रेलरशी काही संबंध नाही. टो बारवरचा गोळा, ज्यावर ट्रेलर बसतो, तो ५० मिमीचा प्रमाण मापाचा घ्यावा. भार चढवल्यावर त्याचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिमी उंचीवर यावा आणि ट्रेलर सपाट किंवा किंचित पुढे झुकलेला दिसावा.

‘हलका ट्रेलर’ म्हटले की लोक सर्वांत आधी दांडा आखूड करतात. वजन वाचवण्याची ही सर्वांत चुकीची जागा आहे. दांडा आखूड असला की ट्रेलर सरळ रेषेत राहत नाही, मागे घेताना क्षणात आडवा होतो, आणि वळणावर कयाकचे टोक गाडीच्या मागच्या दाराला लागते. आमचे सूत्र सोपे आहे. कपलिंगपासून (दांड्याच्या टोकाची, गोळ्यावर बसणारी पकड) आसापर्यंतचे (दोन्ही चाके ज्यावर बसतात तो आडवा दांडा) अंतर म्हणजे कयाकची अर्धी लांबी अधिक एक मीटर. ५.२ मीटरच्या कयाकसाठी ३.६ मीटर, तीन मीटरच्या कयाकसाठी २.५ मीटर. दोन कयाक शेजारी ठेवल्या की बाहेरच्या कयाकचे टोक मध्यरेषेपासून साधारण ६० सेंमी बाजूला असते. साठ अंशांचे वळण घेताना ते टोक बंपरच्या कोपऱ्याकडे पुढे सरकते. टोक आणि कपलिंग यांच्यात ८०-८५ सेंमी मोकळे असतील तरच ते वाचते.

हा दांडा ६० × ६० × ३ मिमीच्या चौकोनी पाइपचा करावा. मीटरला सव्वापाच किलोच्या आसपास वजन. आसाच्या मागे एक मीटर धरून ४.६ मीटर लागतो, म्हणजे सुमारे २४ किलो. बाजारात पाइप सहा मीटरचा मिळतो, उरलेल्या तुकड्यात कमानींचे खालचे ठोकळे होतात. आडव्या पट्ट्या ४० × ४० × २ च्या दोन, प्रत्येकी १.२ मीटर. त्या आसाच्या पुढे-मागे ९० सेंमीवर, म्हणजे एकमेकींपासून १.८ मीटरवर. याहून जवळ टेकवली तर लांब कयाकची टोके प्रत्येक खड्ड्याला उसळतात. चाके, हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग), पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), आस, कपलिंग आणि दिव्यांची पट्टी मिळून रिकाम्या ट्रेलरचे वजन ७५ ते ८५ किलो भरते. दोन कयाकचे पन्नास किलो धरून सगळे १३० च्या आसपास.

अॅल्युमिनियम का नको, हे बरेच जण विचारतात. वेल्ड केलेल्या जागेजवळ अॅल्युमिनियमची ताकद मोठ्या प्रमाणात घटते, आणि वारंवार हेलकावे बसणाऱ्या दांड्यात ते ठरावीक फेऱ्यांनंतर न सांगता तुटते. वल्ह्यांच्या कप्प्याला किंवा दिव्यांच्या फळीला चालेल, दांड्याला नाही.

दांड्याला तडा जातो तो जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी: आसाच्या चौकटीला तो जिथे जोडला आहे तिथे, पाइपच्या खालच्या किंवा वरच्या अंगावर आडवा वेल्ड मारला असेल तर. तिथेच ताण सर्वांत जास्त आणि तिथेच वेल्डची कड. म्हणून आडवा वेल्ड टाळायचा. जोड पाइपच्या दोन्ही बाजूंच्या अंगांवर, लांबीच्या दिशेने द्यायचा, किंवा ६ मिमीच्या दोन पट्ट्यांमध्ये दांडा धरून बोल्ट लावायचे. बोल्टचा जोड आम्हाला जास्त पसंत आहे, कारण दांडा सोडवून सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रेलर भिंतीला उभा करता येतो. पाइपमधून बोल्ट आरपार जात असेल तिथे आत नळीचा तुकडा घालून तोच वेल्ड करावा. तो नसला तर बोल्ट आवळताना पाइपच्या भिंती आत दबतात, आठवड्यात बोल्ट सैल होतो, माणूस तो पुन्हा आवळतो आणि पाइप अजून दबतो. कपलिंगचे दोन एम १२ बोल्ट याच कारणाने ढिले पडलेले सापडतात.

आता कपलिंगवरचा भार, म्हणजे दांड्याचे टोक गोळ्यावर जेवढ्या वजनाने टेकते तो. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के असावा. १३० किलोला सात ते तेरा. हा भार कमी किंवा उणे झाला की मागचे वजन ट्रेलरला उचलू लागते आणि ठरावीक वेगाच्या वर तो डावी-उजवीकडे नागमोडी झुलू लागतो. गाडी हलकी असल्याने मागची चाकेही त्याच्याबरोबर ओढली जातात. बांधकाम चांगले असूनही ट्रेलर उलटतो तो बहुतेक यामुळे. वरच्या मापांत ४.६ मीटरच्या पाइपचा गुरुत्वमध्य आसाच्या १.३ मीटर पुढे येतो, त्यामुळे त्याचा एकट्याचाच सुमारे साडेआठ किलो भार कपलिंगवर पडतो. कपलिंगचे दोन किलो त्यात मिळतात, मागच्या दिव्यांची पट्टी साडेतीन किलो परत घेते. म्हणजे रिकाम्या ट्रेलरलाच सात किलो. कयाकचा तोल आसाच्या १५ सेंमी पुढे ठेवला की नऊ होतात. कयाकची जोडी दहा सेंमी सरकवली की भार सुमारे १.४ किलोने बदलतो, हे एवढे लक्षात ठेवले की पुरते. उलट, तंबू आणि पाण्याची दहा किलोची पिशवी कयाकच्या मागच्या कप्प्यात, आसापासून दोन मीटरवर टाकली तर साडेपाच किलो एका फटक्यात उडतात. सामान गाडीच्या डिकीत जावे, कयाकमध्ये नाही. मोजायला घरातला वजनकाटा पुरे: गोळ्याच्या उंचीइतका लाकडी ठोकळा काट्यावर उभा करायचा, त्यावर कपलिंग टेकवायचे आणि काट्याचा आकडा वाचून ठोकळ्याचे वजन वजा करायचे. प्रत्येक वेळी कयाक बदलल्या की पुन्हा.

चाकांच्या बाबतीत आमचे मत ठाम आहे. रिक्षाची ४.००-८ ची चाके स्वस्त आणि हलकी आहेत, दोन्ही मिळून दहाएक किलो वाचतात. पण ताशी ६० किमीला ती मिनिटाला सुमारे ७७० फेरे घेतात. १४५/८० आर १२ चे चाक सुमारे ६००. बेअरिंगची उष्णता वाढते, त्याहून वाईट म्हणजे लहान चाक खड्ड्यात खोल उतरते. आपल्या रस्त्यांवर बारा इंची चाकच घ्यावे. रिम आणि हब एकाच गाडीचे घ्यावेत, म्हणजे बोल्टचे वर्तुळ जुळते, आणि शक्य असेल तर तीच गाडी जी ट्रेलर ओढणार आहे, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना चालते. हवा १८ ते २० पीएसआय. गाडीच्या चाकाइतकी भरली तर साठ किलोच्या भाराला टायर दगडासारखा कडक होतो आणि ट्रेलर उड्या मारतो. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. बाजूला कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. जुन्या बाजारातून टायर घेताना ते वाचलेच पाहिजेत.

स्प्रिंगबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. पिकअपचे किंवा व्हॅनचे जुने पाटे लावले की ट्रेलर ‘मजबूत’ झाला, असे मानले जाते. ते पाटे पाचशे किलोसाठी बनलेले असतात. एका बाजूच्या पन्नास किलोला ते दबतच नाहीत, आणि सगळा धक्का चौकटीच्या वेल्डवर आणि कयाकच्या तळावर जातो. भार चढवल्यावर पाटा २० ते ३० मिमी दबला पाहिजे. दहापेक्षा कमी दबत असेल तर तो स्प्रिंग नाही, लोखंडाची पट्टी आहे. ७०० मिमी लांब, ४५ मिमी रुंद, ६ मिमी जाड असे ईएन ४५ या स्प्रिंगच्या पोलादाचे एकच मुख्य पान आणि त्याखाली साधारण निम्म्या लांबीचे आधाराचे पान, एवढ्याने काम होते. आधाराचे पान अशासाठी की मुख्य पान मोडले तरी आस जागेवर राहावा. पाट्यांना भोक पाडायचे ते फक्त मधल्या बोल्टचे, आणि पाट्यांवर वेल्डिंग अजिबात करायचे नाही.

आस ४० × ४० × ४ च्या पाइपचा. त्याच्या दोन्ही टोकांत ३२ मिमी व्यासाचे ईएन ८ पोलादाचे स्टब (हब बसवायचे आखूड दांडे) १५० मिमी आत शिरलेले, पाइपला भोके पाडून प्लग वेल्ड केलेले आणि तोंडाशी गोल वेल्ड. ईएन ८ मध्ये कार्बन जास्त असतो, थंड धातूवर वेल्ड मारला तर कडेला बारीक तडे पडतात. आधी १५० ते २०० अंशांपर्यंत तापवायचे, वेल्डिंगचा ७०१८ चा कोरडा रॉड वापरायचा आणि पाणी न मारता आपोआप थंड होऊ द्यायचे. हब स्वतंत्र करून घेत असाल तर लेथवाल्याला आतल्या बाजूला ३०२०५ (आतला व्यास २५ मिमी) आणि बाहेर ३०२०४ (२० मिमी) ही टेपर बेअरिंगे सांगावीत, दोन्ही सहज मिळतात. नट आवळताना चाक फिरवत राहायचे. चाक जड लागू लागले की नट एक खाच, म्हणजे सहावा हिस्सा, मागे घ्यायचा आणि कॉटर पिन घालायची. पूर्ण आवळून ठेवलेला हब वीस किमीतच तापतो. ग्रीस हबच्या पोकळीत एक तृतीयांश भरावे. ठासून भरलेले ग्रीस घुसळून तापते आणि सील बाहेर ढकलते.

कोकणात हब लवकर जाण्याचे खरे कारण वेगळे आहे. लांबून आलेला गरम हब थेट खाडीच्या पाण्यात घातला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून खारे पाणी आत खेचले जाते. कयाकच्या ट्रेलरला पाण्यात घालायची गरजच नसते. नाव पंचवीस किलोची आहे, दोघांनी उचलून नेता येते. पाणथळ जागेपासून दहा मीटर अलीकडे ट्रेलर थांबवावा आणि परतल्यावर गोड्या पाण्याने धुवावा.

गंजासाठी रंगापेक्षा गरम जस्ताचे गॅल्व्हनायझिंग चांगले. त्यासाठी सगळे वेल्ड आणि भोके आधी पूर्ण झाली पाहिजेत. प्रत्येक बंद पाइपला दोन्ही टोकांना, तिरप्या कोपऱ्यांत, १० ते १२ मिमीची भोके ठेवायची. जस्ताचे कुंड सुमारे ४५० अंश तापलेले असते. बंद पाइपमध्ये थोडा जरी ओलावा अडकला तरी तो वाफ होऊन पाइप फोडू शकतो, आणि शेजारी माणसे उभी असतात. कुंडाची लांबी आधी विचारून घ्यावी. पाटे आणि टणक बोल्ट मात्र त्यात देऊ नयेत, आम्लाच्या धुण्याने टणक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. पाट्यांना तेल-ग्रॅफाइट पुरते.

सर्व जोडण्याआधी एक माप दोनदा घ्यावे: कपलिंगच्या मध्यापासून आसाच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत. दोन्हींत २ मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक दहा मिमी झाला की ट्रेलर तिरपा चालतो आणि टायरची एक कड लवकर खरवडली जाते. दोन चाकांमधले अंतर १.३ मीटर ठेवावे आणि ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असू नये.

दिवे हा भाग लोक शेवटी करतात आणि तो तसाच राहतो. कयाकचे मागचे टोक आसाच्या अडीच मीटर मागे जाते. दिवे ट्रेलरच्या चौकटीवर लावले तर मागून येणाऱ्याला दिवे दिसतात आणि त्याच्या काचेच्या उंचीवर आलेले टोक दिसत नाही. म्हणून ६० च्या पाइपमध्ये सरकणारी ५० × ५० × १.६ ची दोन मीटरची नळी घ्यावी, पन्नास सेंमी आत, दीड मीटर बाहेर, आणि दिव्यांची फळी तिच्या टोकाला. फळीवर दोन टेल-ब्रेक दिवे, दोन इंडिकेटर, नंबर प्लेट आणि तिचा दिवा. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी.

सात पिनांच्या सॉकेटची जोडणी ठरलेली आहे: १ पिवळी वायर डावा इंडिकेटर, २ निळी फॉग दिवा, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. नव्या गाड्यांत दिव्यांचा भार संगणक मोजतो. मागच्या दिव्यांच्या वायरला थेट जोड मारला की संगणक तो बिघाड समजतो किंवा ते सर्किटच बंद करतो. बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज लावलेला बायपास रिले बॉक्स घ्यावा. अर्थची वायर स्वतंत्र ओढावी, गोळ्यातून अर्थ मिळेल असे धरू नये, कारण गोळ्यावर ग्रीस आणि गंज असतो. इंडिकेटर दिल्यावर टेल दिवेही मिचकावू लागले तर दोष दिव्यात नाही, अर्थमध्ये आहे.

कयाक बांधायला २५ मिमीचे पॉलिएस्टर पट्टे आणि कॅम बकल (हाताने ओढून आवळायची पकड). रॅचेट (दांडीने खटक्या-खटक्याने आवळायची पकड) नको, त्याची ताकद एवढी असते की प्लॅस्टिकचा तळ आत दबतो. कयाकचे रोटोमोल्ड पॉलिएथिलीन (साच्यात घडवलेले प्लॅस्टिक) उन्हात मऊ होते, म्हणून दुपारी उभे राहिलात तर पट्टे सैल करावेत आणि निघताना पुन्हा आवळावेत. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात तो घुमत नाही. पुढून आणि मागून एकेक दोरी वेगळी बांधावी. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते, पॉलिएस्टर घ्यावी. सुरक्षा साखळी टो बारला अडकवावी, गोळ्याच्या मानेला नाही. ती कपलिंगखाली फुलीसारखी ओलांडून न्यावी आणि इतकीच लांब ठेवावी की कपलिंग सुटले तरी दांड्याचे टोक रस्त्याला टेकणार नाही.

चालवणाऱ्यासाठी थोडेच. गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी दहा मीटरच्या घरात जाते. गावातल्या अरुंद वळणावर कयाकचे मागचे टोक बाहेर फेकले जाते, तिथे शेजारी दुचाकी असेल तर ती आधी जाऊ द्यावी. ताशी ५०-६० पुरे. ट्रेलर झुलू लागला तर स्टिअरिंग सरळ धरून फक्त अॅक्सिलरेटर सोडायचा. जोरात ब्रेक मारला तर मागचे वजन गाडीला ढकलते. आंबोली किंवा ताम्हिणीच्या चढावर थांबताना क्लचवर गाडी धरू नये, हँडब्रेक वापरावा. उतरताना चढलो त्याच गिअरमध्ये. पहिल्या वीस किमीनंतर थांबून दोन्ही हबना हात लावून बघावा: कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नये. चाकाचे नट त्याच वेळी पुन्हा आवळावेत.

ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी एक सोपी मर्यादा आहे: ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मे, यांत कमी असेल ते. आम्ही मागतो ते याहून कितीतरी छोटे आहे. एकूण २५० किलोपर्यंतच्या, ब्रेक नसलेल्या, फक्त नावा नेणाऱ्या ट्रेलरचे दोन आराखडे पुरतील: एक तीन ते चार मीटरच्या कयाकसाठी, दुसरा सव्वापाच मीटरपर्यंतचा. एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही चाचणी संस्था पुण्यातच आहेत. राज्याच्या पर्यटन विभागाने या दोन नमुन्यांच्या चाचणीचा खर्च एकदा उचलावा, आणि मान्य आराखड्याबरहुकूम बांधलेल्या ट्रेलरला स्थानिक फॅब्रिकेटरने प्रमाणपत्र द्यावे व आरटीओने तपासणी करून नोंदणी द्यावी, अशी तरतूद परिवहन विभागाने केंद्राकडून मिळवावी. आराखड्यावर दांड्याची लांबी, कपलिंगवरचा भार, दिव्यांची जागा आणि कमाल वेग हे चार आकडे ठळक छापलेले असावेत, आणि तेच चार आकडे ट्रेलरवर पक्क्या पत्र्याच्या पाटीवर कोरावेत, म्हणजे वापरलेला ट्रेलर विकत घेणाऱ्यालाही ते मिळतील.

आपले विश्वासू,
कयाकिंग आणि फॅब्रिकेशनच्या कामातले काही वाचक
पुणे व मालवण